हनोई ते सायगाव, वाडग्यामागून वाडगा

सोमवार, हनोई

मार्चमधला हनोईचा पाऊस पडत नाही, नुसता भुरभुरतो. छत्री उघडावी तर हसू येतं, न उघडावी तर तासाभरात केस ओले. अशा हवेत सकाळी सातला जुन्या शहराच्या गल्ल्यांमधून निघालं की कोपऱ्याकोपऱ्यावर एखाद्या मोठ्या पातेल्यातून वाफ येत असते. तिच्या आजूबाजूला वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर ऑफिसला निघालेली माणसं गुडघे पोटाशी घेऊन फो खात बसलेली असतात. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, वर मांसाचे तुकडे आणि रात्रभर शिजलेलं सूप.

बेत असा होता की हनोईपासून रेल्वेने खाली खाली सरकत जायचं आणि जिथे उतरू तिथलं नूडल सूप खायचं. व्हिएतनाम हा देश उभा आणि चिंचोळा. हनोई ते सायगाव लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा, आणि वाटेत वाडग्यातलं सगळंच बदलत जातं असं ऐकून होते. सोबत ताई. मला कशाचंच वावडं नाही. ताई मासे-कोंबडी खाते, बीफ खात नाही आणि गुरुवारी अंड्यालाही हात लावत नाही. मुंबईहून थेट विमान आहे, घड्याळ दीड तास पुढे करायचं की झालं, पण विमानात बसेपर्यंत ती एकच विचारत होती, "तिथे मी खाणार काय?"

उत्तर पहिल्याच सकाळी मिळालं. ते म्हणजे फो गा, कोंबडीचं फो. याची गोष्ट हनोईत सगळे सांगतात. १९३९ च्या सुमारास शहरात सोमवारी आणि शुक्रवारी बीफ मिळत नसे. दोन दिवस गाडा बंद ठेवण्यापेक्षा फोवाल्यांनी कोंबडी शिजवायला घेतली. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली, हे काय फो आहे म्हणाले, पण पदार्थ टिकला. आम्ही सोमवारीच पोचलो होतो, त्यामुळे ताईला ही गोष्ट फारच पटली.

सूप अगदी निवळ, पिवळसर. कोंबडी कातडीसकट, हाताने सोडवलेली. वर लिंबाच्या पानांची केसासारखी बारीक चिर आणि पातीचा कांदा. हवं असेल तर कोंबडीच्या पोटातली न घातलेली छोटी पिवळी अंडीही घालून मिळतात. वाडगा ६०,००० डोंगचा, म्हणजे साधारण दोनशे रुपये. ताईने लिंबू पिळायला घेतलं तेव्हा पातेल्यामागच्या बाईंनी हातानेच खूण केली, आधी चव घेऊन बघा. त्यांचं बरोबर होतं. लिंबाची फारशी गरज नव्हती.

मंगळवार, हनोई

बीफचं फो खायला मी बात दान रस्त्यावर गेले. ताई आली ती रांग बघायला. इथे वेटर नाही. रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायचे, आपला वाडगा आपणच सांभाळत टेबलापर्यंत न्यायचा आणि जागा मिळेल तिथे टेकायचं. ही पद्धत सरकारी रेशनिंगच्या काळातली. १९८६ मध्ये आर्थिक सुधारणा आल्या, तोवर सगळं कुपनावर होतं आणि फोची दुकानंही सरकारी असत. तेव्हा बिनमांसाचं फो मिळायचं. अमेरिका आकाशात बिनवैमानिक टेहळणी विमानं पाठवत असे, त्यावरून लोक त्याला 'वैमानिकाविना फो' म्हणायचे. नुसत्या नूडल्स, गरम पाणी आणि चिमूटभर अजिनोमोटो. भुकेवरसुद्धा असा विनोद करणारं शहर आहे हे.

आता मांस भरपूर आहे. दुकानात काचेमागे बीफचे मोठे तुकडे टांगलेले असतात आणि सांगाल तसे कापून मिळतात. 'ताय' म्हणजे कच्च्या मांसाचे पातळ काप. उकळतं सूप वर ओतलं की ते वाडग्यातच शिजतात. 'चिन' म्हणजे आधी शिजवलेलं. चरबीचा भाग हवा तर तो वेगळा सांगायचा. मी ताय आणि चिन दोन्ही घेतलं.

सूप कसं होतं ते सांगते. बैलाची हाडं आठ-दहा तास मंद आचेवर, फेस सतत काढत. आलं आणि कांदा थेट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून, खरवडून त्यात टाकायचे. शिवाय दालचिनी, लवंग, धणे, आपल्या मसाला वेलचीची एक थोरली बहीण आणि चक्रीफूल. जुने आचारी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतले सुकवलेले किडेही घालतात, गोडी येते म्हणून. हे मी ताईला दुपारी सांगितलं. चक्रीफूल उत्तरेला चीनच्या सीमेवरच्या लांग सन प्रांतात पिकतं, आणि तिथून ते जातं त्यातलं खूपसं भारतातच येतं. म्हणजे घरच्या गरम मसाल्यातली चांदणी बहुधा याच डोंगरांतली. त्याच भागात आंबट-गोड, जवळपास कोरडं असं फोही खातात. तिकडे जाणं जमलं नाही.

हनोईच्या टेबलावर काय काय नसतं ते बघण्यासारखं आहे. पालेभाजीचं ताट नाही, मोड आलेले मूग नाहीत, गोड काळा सॉस नाही. असतं ते लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची आणि सुपात बुडवायला तळलेल्या पिठाच्या लांब काड्या. इथे वाडगा आचाऱ्याचा असतो. त्याने जे ठरवून दिलं ते खायचं. समोरच्या आजोबांनी माझ्याकडे न बघताच सूप संपवलं, तोंड पुसलं आणि उठले. पाच मिनिटांचं काम. मला पंचवीस लागली.

संध्याकाळी त्रुक बाक तळ्याच्या काठी फो कुओन खाल्लं. न कापलेल्या फोच्या चादरीत मांस आणि पाला गुंडाळून केलेले रोल. ताईसाठी कोंबडीचे सापडले. सूप नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

बुधवार, नाम दिन्ह

फो हनोईचं की नाम दिन्हचं, हा वाद इथे जुना आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तो शहाणपणाने सोडवला, म्हणजे सोडवलाच नाही. हनोईचं फो आणि नाम दिन्हचं फो अशी दोन वेगळी नावं राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातली. 

नाम दिन्ह हनोईहून रेल्वेने ८७ किलोमीटर. फ्रेंचांच्या काळात इथे इंडोचायनातली एक मोठी कापडगिरणी होती. गिरणी म्हटलं की कामगार, आणि कामगार म्हटले की रस्त्यावरचं स्वस्त, गरम खाणं. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. शिवाय फ्रेंच लोक. त्यांच्याआधी इथले शेतकरी बैल नांगराला ठेवत, खायला क्वचित. फ्रेंचांना स्टेक हवा होता. मग उरलेल्या हाडांचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या तरी पातेल्यात सुटला. हनोईकर सांगतात की लाल नदीच्या धक्क्यावर हमालांसाठी म्हशीच्या मांसाचं नूडल सूप आधीपासून होतं, त्यातूनच फो आलं. दोन्ही गोष्टींत तथ्य असावं.

शहरापासून टॅक्सीने व्हान कू गावात गेलो. या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या फोच्या धंद्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले पुरुष कावड खांद्यावर घेऊन हनोई गाठत. कावडीच्या एका टोकाला चूल आणि सुपाचं पातेलं, दुसऱ्या टोकाला नूडल्स, वाडगे आणि मांस. हनोईतल्या कितीतरी फोवाल्यांचं आडनाव को आहे, ते सगळे मूळचे इकडचे. 

गावात आज फोच्या नूडल्स यंत्रावर होतात. भिजवलेला तांदूळ दळून त्याचं पातळ पीठ वाफेवर पसरतात, पारदर्शक चादर निघते, ती गार करून कापतात. एका घरात मात्र आजीबाई अजून फडक्यावर पीठ पसरत होत्या. मडक्याच्या तोंडाला ताणून बांधलेलं फडकं, खाली उकळतं पाणी, पळीने गोल फिरवलं, झाकलं, बांबूच्या पट्टीने उचललं. ताईने विचारलं, मला करून बघू दे का? फोनमधल्या भाषांतराने काय सांगितलं कोण जाणे, पण आजीबाईंनी स्टूल तिच्याकडे सरकवलं. पहिली चादर फाटली, दुसरी जाड झाली, आणि आजीबाईंनी स्टूल परत घेतलं.

नाम दिन्हचं फो हनोईपेक्षा जरा उग्र. माशाच्या सॉसचा, म्हणजे न्वोक मामचा, वास पुढे येतो आणि नूडल्स बारीक असतात. ताईने भाताबरोबर मासा खाल्ला. रात्री उशिरा तिथूनच दक्षिणेची गाडी पकडली. सहा बर्थचा डबा, खालच्या बर्थवर एक आजी आणि तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला फणस.

गुरुवार, ह्वे

पहाटे जाग आली तेव्हा बाहेर हिरवी भातशेती होती. डाँग होई स्टेशननंतर काही वेळाने गाडी बेन हाय नदी ओलांडते. १९५४ ते १९७५ ही नदी म्हणजे देशाची फाळणीरेषा. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर उत्तरेतले आठ-दहा लाख लोक दक्षिणेत गेले. खिडकीतून बघायला ती साधीच नदी आहे, पण या प्रवासातल्या पुढच्या प्रत्येक वाडग्याशी तिचा संबंध आहे. हा लोहमार्ग फ्रेंचांनी १९३६ मध्ये पुरा केला. युद्धात तो तुकड्यातुकड्यांचा झाला आणि १९७६ अखेरीस पुन्हा सलग सुरू झाला.

ह्वे ही १८०२ ते १९४५ न्गुयेन राजांची राजधानी. राजवाडा पाहिला. तो सुंदर आहे, आणि त्याविषयी खूप जणांनी लिहिलंय. मी थेट बुन बोकडे येते. बाहेरचे लोक त्याला 'बुन बो ह्वे' म्हणतात, ह्वेत नुसतं बुन बो.

इथे नूडल्सची जातच वेगळी. फोची चादर कापतात, बुन मात्र दाबून काढतात. तांदळाचं पीठ साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पडतं, म्हणजे कोकणातल्या शिरवाळ्यांचाच जरा थोरला अवतार. गोल, पांढऱ्या, जाड, गुळगुळीत. सुपात बीफची पोटरी आणि डुकराचा पाय. वर गवती चहाचे ठेचलेले दांडे, आणि लाल रंगासाठी शेंदरीच्या बियांचं तेल. फोमध्ये चक्रीफूल जे करतं ते इथे गवती चहा करतो. आणि सगळ्यात शेवटी माम रुओक, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची जांभळट पेस्ट.

बाजारात ती पेस्ट मोठ्या बरण्यांत होती. बरणीवरचं चित्र बघून ताई थबकली. "अगं, हा जवळा आहे!" खरंच जवळा. तिकडचा रुओक आणि आपला जवळा एकाच कुळातला. आपण तो वाळवतो, हे लोक मीठ घालून आंबवतात. वास आपल्या सुकटीच्या बाजारातल्यासारखाच, दोन पायऱ्या वरचा. सुपात मात्र तो वास कुठेच दिसत नाही. पाण्यात कालवून, गाळ खाली बसवून वरचंच पाणी घालतात. त्यामुळे नुसती खोली येते.

तिखट, खारट, आंबूस, सुगंधी, आणि प्रत्येक घोटात क्रम बदलणारं. लिहून टाकते: या सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडलं ते बुन बो. फोची कीर्ती जगभर झाली आणि हे मागे राहिलं, याचं कारण बहुधा एवढंच की फो सगळ्यांना रुचतं आणि बुन बोला थोडी हिंमत लागते. वाडग्यात रक्ताचे गोठवलेले चौकोनी तुकडेही असतात. नको असतील तर आधीच सांगा.

ताईचा गुरुवार होता. पण ह्वे हे देवळं-विहारांचं शहर आणि इथले बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसाहार टाळतात. त्यामुळे 'चाय' अशी पाटी असलेली शाकाहारी दुकानं जागोजागी. तिथे बुन बो चायही मिळालं, मशरूम आणि टोफू घातलेलं, गवती चहाचा तसाच दरवळ. शाकाहारी मंडळींना एक सूचना: साध्या हॉटेलात 'मांस नको' म्हणून काही साधत नाही, माशाचा सॉस सगळ्यात असतो. 'चाय' पाटी शोधा.

शुक्रवार, ह्वे ते होई आन

ह्वे ते दा नांग १०३ किलोमीटर, पण गाडी जवळजवळ तीन तास घेते, कारण मध्ये हाय व्हान घाट. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, आणि गाडी अशी वळते की आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं. समुद्राची बाजू दक्षिणेकडे जाताना डावी. उत्तरेची थंड हवा हा डोंगर अडवतो. पलीकडे उतरलो तर स्वेटर काढावा लागला.

डोंगरापलीकडे सूप आटतं. दा नांग आणि त्याभोवतालच्या क्वांग नाम भागातलं 'मी क्वांग' हे सूप म्हणायचं की नाही हाच प्रश्न. हळदीने पिवळ्या केलेल्या रुंद नूडल्स, तळाशी जेमतेम दोन पळ्या दाट रस्सा. वर कोलंबी, कोंबडी, लावरीची अंडी, केळफुलाची चिर, भाजलेले शेंगदाणे. बरोबर तिळाचा मोठा तांदळी पापड, तो मोडून घालायचा. फोडणीला शेंगदाणा तेल आणि छोटे कांदे. हळद, शेंगदाणे, केळफूल, पापड. ताईने दुसरा वाडगा मागवला आणि आजवरच्या सगळ्या प्रवासाबद्दल मला माफ केलं. हेही हनोई आणि नाम दिन्हच्या फोबरोबरच २०२४ मध्ये वारसायादीत आलं.

शनिवार, मी सन आणि होई आन

सकाळी 'मी सन' इथे. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची शिवमंदिरं, डोंगरांनी वेढलेल्या दरीत. चौथ्या शतकाअखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत बांधकाम चालू होतं. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत मुख्य शिखर कोसळलं, आणि आता भारतीय पुरातत्त्व खात्याने काही देवळांचं जतनकाम केलंय. २०२० मध्ये त्याच कामात वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. ताईने चपला काढून नमस्कार केला. पहारेकऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी होई आनमध्ये काव लाउ खाल्लं ते याच चाम लोकांच्या पाण्याचं, निदान परंपरेने तरी. त्याच्या नूडल्ससाठी बा ले विहिरीचंच पाणी हवं म्हणतात, आणि ही विहीर चामकालीन. तांदूळ राखेच्या निवळीत भिजवायचा, ती राखही समोरच्या चाम बेटावरच्या झाडांची. त्या क्षाराने नूडल्स तपकिरी, जाड आणि चिवट होतात. वर डुकराचे मसाल्यात मुरवलेले काप, मोड, पाला, कुरकुरीत तळलेले चौकोन. रस्सा चमचाभर. होई आन हे सोळाव्या-सतराव्या शतकात चिनी-जपानी व्यापाऱ्यांचं बंदर, म्हणून कुणी यात जपानी उडॉन शोधतं, कुणी चिनी भाजलेलं डुक्कर. विहीर पाहिली. चौकोनी, अरुंद गल्लीतली. एक माणूस पोहऱ्याने पाणी काढून डबे भरत होता.

रविवार, सायगाव

दा नांग ते सायगाव अजून ९३५ किलोमीटर. ताईने रेल्वेला साफ नकार दिला, म्हणून विमान.

सायगावात पुन्हा फो, पण ओळखू न येणारं. ऊन मी म्हणतंय, डोक्यावर पंखा, आणि टेबलावर वाडग्याच्या आधी एक भलं मोठं ताट येतं: लांब दातेरी पानांची कोथिंबीर, जांभळ्या देठांची तुळस, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, मिरच्या. शेजारी गोड काळा सॉस आणि लाल तिखट सॉस. नूडल्स बारीक, सुपात खडीसाखर. मोड कच्चे हवेत की उकळत्या पाण्यातून काढलेले, हे विचारतात. चरबीची वाटी वेगळी हवी का, हेही.

१९५४ मध्ये उत्तरेतून आलेल्यांनी फो इथे रुजवलं. थोडंफार आधीही होतं, पण दुकानं उभी राहिली ती या लोकांची. आणि दक्षिण म्हणजे मेकाँगचा सुपीक मुलूख, पालाभाजी बारमाही, साखर हाताशी. वाडगा आचाऱ्याच्या हातून निसटला आणि खाणाऱ्याचा झाला. आज परदेशात, कॅलिफोर्नियापासून पॅरिसपर्यंत, जे फो मिळतं ते बहुतेक हेच, कारण १९७५ मध्ये युद्ध संपल्यानंतर देश सोडून गेले ते बरेचसे दक्षिणेतले. म्हणूनच परदेशात फो खाऊन हनोईत येणारा पाहुणा काळा सॉस मागतो आणि आचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मला गोड सूप मानवलं नाही. पण ती दातेरी कोथिंबीर आणि तुळस मात्र हनोईत हवी होती, हे हनोईच्या आजोबांना सांगायची माझी हिंमत नाही. ताईने कोंबडीचं फो घेतलं, ताटातलं सगळं त्यात लोटलं, दोन्ही सॉस ओतले, आणि म्हणाली, "हे कसं, भेळेसारखं आपल्या हातात आहे."

सोमवार, सायगाव

सकाळी ली चिन्ह थांग रस्त्यावर, सात क्रमांकाचं घर. फो बिन्ह. बिन्ह म्हणजे शांतता. १९६८ च्या तेतला, म्हणजे चांद्र नववर्षाला, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शहरांवर हल्ला केला; त्याआधी याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर सायगावातल्या हल्ल्याचे बेत ठरत होते आणि खाली अमेरिकन सैनिक फो खात होते. दुकानाचे मालक न्गो व्हान तोआय हल्ल्यानंतर पकडले गेले. वरची खोली आजही दाखवतात; जुने फोटो, लहानसं टेबल. खाली फो चालूच आहे. फो ठीकठाक, गोष्ट उत्तम.

रात्री विमानाआधी हू तिउ. हे आलं कंबोडियातून आणि तिथल्या चिनी कुटुंबांतून. मेन्यूवर लिहिलेलं 'नाम व्हांग' म्हणजे नोम पेन्ह, कंबोडियाची राजधानी. डुकराच्या हाडांचं पारदर्शक सूप, सुका माकुल, कोलंबी, खिमा, आणि चिवट बारीक नूडल्स. पूर्वी पोरं लाकडाचे तुकडे एकमेकांवर टकटक वाजवत गल्लीत ऑर्डर घ्यायला फिरत. काही वस्त्यांत अजूनही तसे गाडे आहेत. ओलं की कोरडं, एवढंच विचारतात. कोरडं मागितलं तर नूडल्स एका वाडग्यात आणि सूप दुसऱ्यात.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने हे बघून सांगितलं, दोन वाडग्यांचं फो खायचं तर प्लेकूला जा, मध्य पठारावर. तिथलं कोरडं फो या सगळ्यांहून वेगळं. ताईने विचारलं, किती लांब? बसने दहा-बारा तास, तो म्हणाला.

"बारा तासांत आपण चिपळूणला जाऊन परत येतो," ताई मराठीत म्हणाली, "तेही हायवेचं काम चालू असताना." मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत बसची वेळ विचारून घेतली.